मगरवाल्यांची सदफ

माझं फुलांचं दुकान मुदखेड स्टेशनच्या रस्त्याला हाय. दुकान म्हणजे काय, एक फळी, एक बादली आणि वर ताडपत्री. लग्नाचं गिऱ्हाईक आलं की आधी फुलं हुंगतं, मग नाक मुरडतं, मग म्हणतं, कालचीच दिसून राहिलीत. त्याला मी सरळ पुढची वाट दाखविते. पण मधूनच एक दुसरंच माणूस येतं. ते फुलांकडं बघतबी न्हाई. पायात दोन जोडांच्या दोन चपला असतात, तोंडाला कोरड पडलेली असते, आणि ते इचारतं, "मावशी, मगरवाल्यांचं घर कोणतं?"

मी सुई गजऱ्यात तशीच खोचून उठते आणि बोट दाखविते. लिंबाखालचं हिरवं दार, माझ्या घराच्या भिंतीला भिंत लागून. त्या माणसाच्या घरचं कोणीतरी पाण्यात गेलेलं असतं. एवढं मला कळतं, पुढचं मी इचारत न्हाई.

मगरवाले म्हणजे कोण, ते सांगते. पण मधी बोलायचं न्हाई. मला मधी बोललेलं खपत न्हाई, माझ्या मालकालाबी मी कधी मधी बोलू दिलं न्हाई.

त्या हिरव्या दारात आता सदफ राहते. निजामाच्या टायमाला तिचा पणजोबा गुलाम रसूल गंगेवर मासे धरायचा. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. तव्हा डोहात एक मगर होती म्हणे. वासरं ओढायची, धुणं धुवायला गेलेल्या बाया ओढायची, सगळं गाव काठाला जायाला भेत होतं. गुलाम रसूलनं लोहाराकडून तीन नखांचा लोखंडी गळ करून घेतला, त्याला बकऱ्याची आतडी लावली, दोराचं दुसरं टोक आपल्याच कमरेला बांधलं आणि उतरला डोहात. मगर मेली. त्याचा डावा हात कोपरापासून गेला. जहागिरदारानं त्याला फेटा बांधला, आणि घराचं नाव मगरवाले पडलं ते पडलं.

आता खरं किती, खोटं किती, ते गुलाम रसूलला ठावं. पण लोकांनी त्या गोष्टीला मागून एक शेपूट जोडलं, आणि सगळा घात त्या शेपटानं केला. मगर मेली, पण तिचा जोडीदार राहिला, असं ते शेपूट. तो आता दिसत न्हाई. विहीर असो, कॅनॉल असो, खदान असो, जिथं खोल पाणी तिथं तो हाय. माणूस बुडालं म्हणजे त्यानंच धरलं. तो भेतो फक्त मगरवाल्यांच्या रक्ताला. दुसरं कोणी वाचवायला उतरलं तर तो एकाच्या जागी दोन घेतो. इथल्या शेंबड्या पोरालाबी हे माहीत हाय.

म्हून माणूस बुडालं की आमचे लोक काय करतात? काठावर उभे राहतात आणि मगरवाल्यांना सांगावा धाडतात. आता मोबाईल आले तर मोबाईल लावतात. पण उभे ते उभेच.

सदफचे अब्बा वकारभाई. लई सज्जन माणूस. दमा होता, तरी बोलावणं आलं की खांद्यावर दोर, हातात तो गुलाम रसूलच्या वेळचा गळ, निघाले. कोणाच्या घरचा चहासुद्धा घेत न्हवते. त्यांचा एक रिवाज होता. गळ टाकून अंदाज घ्यायचा, बुडी मारायची, माणूस वर काढायचं, पण काठावर स्वतः आणायचं न्हाई. कमरेएवढ्या पाण्यात थांबायचं, दोन्ही हातांवर ते आडवं धरायचं आणि म्हणायचं, "घ्या, तुमचं माणूस." मग घरच्यानं पाण्यात उतरून घ्यायचं. बाप असो, भाऊ असो, लेक असो, पण घरचंच. मी एकदा इचारलं, "भाईजान, कामून असं? चार पावलं वर आणायला काय होतंय?"

ते म्हन्ले, "गुणाबाई, पाण्यातून काढणं आमचं काम. घरी नेणं घरच्याचं. आम्हीच वर आणून ठेवलं तर ते माणूस आमच्या वाट्याला येतं. मग किती जण घरात घ्यायचे?"

हे बोलले आणि खोकत बसले. मग जराशानं म्हन्ले, "इतकी माणसं काढली गुणाबाई, पण एकबी जित्तं न्हाई. माझ्या बापानंबी न्हाई काढलं, आज्यानंबी न्हाई. एक जरी रडणारं लेकरू हातावर घेऊन 'घ्या' म्हणता आलं असतं तर..." आता तुम्हीच सांगा, जित्तं निघणार कसं? लोक काठावर उभे राहणार, सांगावा येणार, हे दमा घेऊन कोसभर चालणार. तोवर पाणी काय वाट बघत बसतंय?

वकारभाईंना सदफ एकटीच. पोरगा न्हाई म्हून त्यांनी तिलाच शिकवलं. पोरगी गळ टाकायला शिकली, दम धरायला शिकली, बापाच्या मागं दोर धरून उभी राहायला शिकली. मग लगीन होऊन धर्माबादला गेली. अब्बा गेल्यावर माहेरी आली होती, अजून घरातली माणसं पांगलीबी न्हवती, तर बोलावणं आलं. मुगटच्या वाटेला एक सून विहिरीत गेलेली. सगळे पाहुणे एकमेकांच्या तोंडाकडं बघायले. सदफ उठली, खुंटीवरचा गळ घेतला आणि गेली. ही खबर तिच्या आधी धर्माबादला पोचली. सासू म्हन्ली, मुडदे काढणारी बाई माझ्या चुलीपुढं नको. नवराबी आईचाच निघाला. सदफ कशिशला पोटात घेऊन परत आली ती हिरव्या दाराच्या आत.

शिलाई मशीनवर पोट चालवायली. पण लोकांची तऱ्हा बघा! शाळेचे ड्रेस तिच्याकडं, परकर तिच्याकडं, उशीचे अभ्रे तिच्याकडं. लग्नाचा ब्लाऊज मात्र कोणी टाकत न्हाई. बुडलेलं पोरगं तिच्या हातानं चालतं, नवरीचं कापड चालत न्हाई! मला असा संताप येतो. एका बाईला मी दुकानातून हाकलली होती त्यावरून. माझ्या पोरीच्या लग्नातला ब्लाऊज सदफनंच शिवला, आणि पोरगी सुखात हाय, कोणाला बघायचं असेल तर बघून यावं.

मी किती वेळा म्हन्ले, "पोरी, फेकून दे तो गळ. कशाला हे?"

ती मशीन थांबवायची न्हाई. "फेकते की मावशी. पण ज्या बाईचं लेकरू खाली हाय, तिला काय सांगू? फेकला म्हून सांगू?"

पण एक गोष्ट तिनं मनात पक्की केली होती. हे सगळं आपल्यापाशी संपवायचं. कशिशला पाण्याजवळ जाऊ द्यायचं न्हाई. पोहायला तर मुळीच शिकवायचं न्हाई. गल्लीतल्या पोरी उन्हाळ्यात विहिरीवर डबे बांधून पोहायला जायच्या, कशिश दारात बसून बघायची. "पोहायला येतंय म्हणलं की बोलावणं येतंय मावशी," सदफ म्हणायची. "हिला पोहताच येत न्हाई म्हणलं की लोक हिला बोलावणार न्हाईत. गळ माझ्याबरोबर जाईल. ही काहीबी होऊ दे, मास्तरीण होऊ दे, नर्स होऊ दे, मगरवाली न्हाई होणार."

बरोबर होतं तिचं. मलाबी बरोबरच वाटलं होतं, अजूनबी वाटतं. तेच तर वाईट हाय.

खदानीची गोष्ट मधीच सांगावी लागेल. स्टेशनच्या पलीकडं जुनी दगडाची खदान हाय. काम बंद पडलं, पाणी भरलं. एका अंगाला बैल उतरतील एवढा उतार, आणि उतार संपला की एकदम खोल. तिथं मागं एक पोरगं बुडालं आणि गुरुबसप्पा नावाच्या गड्यानं, कोणाची वाट न बघता, अंगावरच्या कपड्यानिशी उडी टाकली. दोघंबी गेले. सदफनं दोघांना काढलं. गुरुबसप्पाला घ्यायला त्याचा थोरला भाऊ वीरण्णा पाण्यात उतरला होता. मी तिथं होते. सदफ त्याला म्हन्ली, "मामा, मगर न्हाई हो. त्या पोरानं घाबरून त्यांच्या गळ्याला मिठी मारली होती. सोडवून काढली मी. निस्ता एक कासरा टाकला असता तर दोघं निघाले असते." वीरण्णा भावाच्या तोंडाकडं बघत होता. त्याच्या कानात काहीच गेलं न्हाई. सगळ्या मुदखेडात एकच बोलणं, बघा, मगरवाल्यांची वाट बघितली न्हाई, दोन घेतले.

आणि मग ते पुस्तक आलं.

आलोक म्हून एक पोरगा लातूरचा. चित्रं काढायचा, शाळेतल्या लेकरांसाठी पुस्तकं करायचा. सदफचं नाव पेपरात वाचून आला. पोरगा गोड होता, खोटं कामून बोलू. माझ्या फळीवर बसून चहा पिला, हारबी करून बघितला, सुई बोटात घुसवून घेतली. सदफला ताई म्हणायचा. ती सांगत गेली, हा लिहून घेत गेला, कशिश त्याच्या खांद्यावरून चित्रं बघत गेली. जाताना म्हन्ला, "सदफताई, तुमच्यासारखी नायिका मुलांनी पाहिलीच नाहीये."

पावसाळ्याच्या तोंडाला पुस्तकं आली, शाळाशाळांत वाटली. नाव 'मगरवाली'. रंग काय, कागद काय! पहिल्या पानावर गुलाम रसूल, चांगले दोन्ही हात असलेला. मग पाण्यातला तो जोडीदार, लाल डोळ्यांचा, खदानीएवढा. मग सदफ, काळी ओढणी वाऱ्यावर, हातात चमकणारा गळ. ती बुडी मारते, त्याच्याशी झुंजते आणि एकेक लेकरू हसत वर येतं. सगळी जित्ती. एकबी मुडदा न्हाई सगळ्या पुस्तकात. शेवटच्या पानावर सदफ आपल्या लेकीच्या हातात गळ देऊन राहिली आणि खाली लिहिलेलं, "आपल्या रक्ताला पाणी ओळखतं. शिकवावं लागत नाही."

लेकीचं तोंड हुबेहूब कशिशचं.

सदफनं ते पान बघितलं आणि मशीनवरून उठली. दुसऱ्या दिवशी मला घेऊन लातूरला. नांदेडपर्यंत रेल्वे, पुढं एसटी, लोहा झालं, अहमदपूर झालं, लातूर आलं. आलोकच्या खोलीत गेली, पुस्तक त्याच्यापुढं टाकलं. म्हन्ली, "सर, मी तुम्हाला काय सांगितलं होतं आणि तुम्ही काय काढलं?"

तो गडबडला. "ताई, लहान मुलांचं पुस्तक आहे. प्रेतं कशी दाखवू मी? मुलांना काहीतरी आशा वाटली पाहिजे."

"आशा?" सदफ म्हन्ली. "सर, माझ्या घरात कोणी जित्तं काढलंच न्हाई आजपर्यंत. आणि मगर कुठंच न्हाई. पाणी हाय निस्तं, आणि काठावर उभी माणसं हायत. 'दोर टाका' म्हून लिहा. 'पोहायला शिका' म्हून लिहा. माझ्या पोरीच्या हातातला गळ काढा. ह्याच्यापायी माझा नवरा सुटला."

पोरगा रडकुंडीला आला. हात जोडले. म्हन्ला, पुढच्या छपाईला शेवटचं पान बदलतो, शपथ घेतो. बदललंबी असेल त्यानं. त्याला मी शिव्या घालत न्हाई, मोप घालून झाल्या. पण वाटलेली पुस्तकं काय शाळेतून गोळा करून आणता येतात?

परत आल्यावर सदफ कशिशचं पुस्तक चुलीत टाकणार होती. न्हाई टाकलं. त्याचं कारण मी डोळ्यांनी बघितलं. कशिशला शाळेत मुडदेवालीची म्हणायचे. डबा खायाला तिच्याजवळ कोणी बसायचं न्हाई. पुस्तक आल्यापासून पोरी तिच्या शेजारी बसायला भांडायल्या. दुपारी शाळा सुटली की घोळका तिच्याभोवती, मधी ही, दोन वेण्या उडवत, ओढणी गळ्याभोवती गुंडाळून. माझ्या दुकानापुढं थांबून म्हणायची, "गुणाआजी, मला एक गुलाब दे. मगरवाली आली." मी द्यायची. एवढं हसताना त्या लेकराला मी जन्मात बघितलं न्हवतं.

"कसं जाळू मावशी?" सदफ म्हन्ली. "पहिल्यांदा सोबतिणी मिळाल्या हायत तिला."

एकदा कशिशनंच इचारलं, "अम्मी, मला पोहायला शिकव ना."

"न्हाई."

"बरं, राहू दे. पुस्तकात मगरवालीला कोणी शिकवलंच न्हाई. पाणी ओळखतंय आपल्याला."

सदफनं तिला धरून हलवली, "काही ओळखत न्हाई! ते कोणालाच ओळखत न्हाई! पुन्हा बोललीस तर तोंड फोडीन!" पोरगी रडली, मग झोपली. सदफ माझ्या ओट्यावर येऊन बसली.

पोळ्याचा आदला दिवस. त्या दिवशी बैलांना धुतात, सांजच्याला त्यांचे खांदे हळदीतुपानं मळतात. मला हारांची घाई, सदफला मशीनची. शाळेला सुट्टी. कशिश म्हन्ली, पोरींसंगं बैल बघायला जाते. सदफनं इचारलं, कुठं? म्हन्ली, स्टेशनपर्यंत. स्टेशनपर्यंत म्हणजे आमच्या नजरेतच, म्हून जा म्हन्ली. बैल निघाले खदानीकडं, आणि बैलांच्या मागं पोरी.

वीरण्णाची बैलजोडी लई देखणी, खास देवणीहून आणलेली. लोक मुद्दाम बघायला जातात. त्याच्याबरोबर त्याचा नातू बसू, दुसरीतलं लेकरू, वासराचा कासरा धरून. पुढचं मी बघितलं न्हाई. वीरण्णानंच मला सांगितलं, जमिनीवर डोकं आपटून आपटून सांगितलं. वासरू बुजलं, बसू ओढला गेला, उतारावरून घसरला आणि खोल पाण्यात गेला. काठावर चांगले दहा-बारा गडी. निम्म्यांना पोहता येतंय. प्रत्येकाच्या हातात कासरा. आणि सगळे उभे. वीरण्णा सख्खा आजा, तोबी उभा. त्याच पाण्यातून त्यानं गुरुबसप्पाला हातावर घेतला होता. तो वरडला, "मगरवाल्यांना बोलवा! कोणीतरी मगरवाल्यांना बोलवा!"

आणि मागून आवाज आला, "मी हाय ना."

वीरण्णानं वळून बघितलं. दोन वेण्या, गळ्यात ओढणी. तो म्हन्ला, "तू वकारभाईची नात ना? मग जा माय, जा, त्यांच्याच घरची हाईस तू."

दहा-बारा गड्यांनी बाजूला होऊन त्या लेकराला वाट करून दिली.

ती भेली न्हाई म्हणे. उतारावरून सरळ चालत गेली, गळ्याएवढ्या पाण्यात. बसूचे केस हाताला लागले, ते धरून तिनं त्याला ओढलं आणि मागं उताराकडं ढकलला. उतारावर बैल उभा होता, बसूनं त्याचं शेपूट धरलं, बैल वर निघाला, त्याच्याबरोबर बसूबी. आणि ढकलताना कशिशचा पाय शेवाळावरून सुटला.

आता ऐका. ती खाली गेली तरी कोणी उतरलं न्हाई. का? तर ती मगरवाल्यांची. मगरवाले लई वेळ दम धरतात. ती खाली झुंजून राहिली असेल, येईल वर, असं म्हून ते सगळे पाण्याकडं बघत उभे राहिले. एक बारका पोरगा टाळ्या वाजवीत होता.

सदफचा फोन वाजला तव्हा मी तिच्या दारातच सुतळी मागायला उभी होते. फोनवर कोणीतरी एवढंच म्हन्लं, खदानीत वीरण्णाचा नातू गेलाय. तिनं गळ घेतला, दोर घेतला, गल्लीतल्या एका गड्याच्या मोटारसायकलवर बसली. मी मागून रिक्षानं. मी पोचले तव्हा सदफ बसूपुढं गुडघ्यावर बसलेली. बसू बैलाच्या झुलीत गुंडाळलेला, पाणी ओकत होता आणि भोकाड पसरून रडत होता. सदफनं माझ्याकडं बघितलं, आणि बाई हसली हो! सगळं तोंड हसलं तिचं.

"मावशी, जित्तं हाय! बघा, जित्तं हाय! रडून राहिलंय!" तिनं त्याला उराशी धरलं, तोंडावरून हात फिरवला. मग गड्यांकडं बघून म्हन्ली, "कोणी काढलं? कोण उतरलं? भलं होऊ दे त्याचं. कोणी काढलं, सांगा की."

वीरण्णा खाली बसला. कशिशच्या सोबतिणी एकमेकींना धरून उभ्या होत्या. त्यांच्यातली एक हळूच म्हन्ली, "कशिशनं. ती अजून खालीच हाय."

सदफ वरडली न्हाई. मला वाटलं वरडेल. तिनं बसूला झुलीत नीट गुंडाळलं, उठली, आणि चपला काढल्या. गळ तिनं काठावरच ठेवला. लेकराला गळ कसा लावणार? अशीच उतरली. बुडी मारली, वर आली, दम घेतला, पुन्हा गेली. काठावर इतकी माणसं, पण बैलांच्या घंट्या सोडून आवाज न्हाई. मी खंडोबाला नवस बोलले, पीरबाबाला बोलले, रेणुकामायला बोलले, जे आठवतील त्या सगळ्यांना बोलले. माझे हार तसेच दुकानात पडले होते.

मग ती वर आली.

ती काठाकडं चालत आली, कमरेएवढ्या पाण्यापर्यंत, आणि थांबली. पायांना तीच सवय. दोन्ही हातांवर कशिश आडवी. वेण्या खाली लोंबत होत्या. सदफ समोर बघत होती, पण आमच्यातलं कोणी तिला दिसत न्हवतं. आणि तिच्या तोंडून तेच निघालं, जे अब्बांच्या तोंडून ऐकत ती मोठी झाली होती.

"घ्या," ती म्हन्ली. "तुमचं माणूस."

कोण घेणार? घेणारं घरचं लागतं. कशिशच्या घरचं म्हणजे ती एकटीच, आणि ती पाण्यात उभी. गड्यांच्या माना खाली गेल्या. वीरण्णा उठला, हात पुढं करून दोन पावलं आला आणि तिथंच थांबला, त्याला त्याचे हात पुढं नेता येईनात. सदफ उभीच. हात खाली करीना, वरबी येईना. "घ्या की," पुन्हा म्हन्ली, जरा चिडूनच, उशीर झाल्यावर म्हणतात तसं. "घ्या ना कोणीतरी."

मला पोहता येत न्हाई. मी पाण्याला भेते, गंगेलाबी मी लोट्यानंच आंघोळ करते. लुगड्यानिशी उतरले. शेवाळावरून पाय सरकायला लागले तसा वीरण्णाच्या बैलाचा कासरा धरला. तिच्यापुढं जाऊन उभी राहिले आणि हात पुढं केले.

"दे वं," मी म्हन्ले. "माझं माणूस हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग कशिशला माझ्या हातांवर ठेवलं, ओढणी सारखी केली, आणि म्हन्ली, "मावशी, हिनं जित्तं काढलं." मी लेकरू घेऊन वर आले. ती तशीच पाण्यात उभी राहिली.